उन्हाळ्यातली फुलपाखरे कशी नोंदवाल?

फुलपाखरे पावसाळ्यात आणि त्यानंतर भरपूर दिसतात, म्हणून उन्हाळ्यातल्या नोंदी कमी पडतात. नालासोपाऱ्यात ही उणीव भरायची असेल, तर आधी झाड ओळखा. रुईवर प्लेन टायगर अंडी घालते, कण्हेरीवर कॉमन क्रो, कढीपत्ता-लिंबावर लाइम. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात.

सकाळी, ऊन तापण्याआधी पाहा. पंख उघडे आणि मिटलेले, असे दोन्ही फोटो घ्या. तारीख, वेळ, जागा, संख्या आणि झाड लिहा. नाव ठाऊक नसले तरी ‘आयनॅचरलिस्ट’वर नोंद टाका, जाणकार ओळख सुचवतात. काहीच दिसले नाही, तर तेही वहीत लिहा. उद्या वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, तर तिथे काय उडत होते हे या नोंदींवरूनच कळेल.