केसपेपरवरचा सवयींचा रकाना

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत रुग्ण गेला की आधी त्याचा केसपेपर भरला जातो. नाव, वय, कामधंदा, तक्रार, जुने आजार आणि त्याखाली एक छोटा रकाना, 'सवयी'. पांढरा कोट घातलेला विद्यार्थी विचारतो, रुग्ण सांगतो आणि रकान्यात एक ओळ पडते, 'विडी, रोज १५, वीस वर्षांपासून.' मग पान उलटते. दात साफ होतात, किडलेली दाढ निघते, औषध लिहून दिले जाते आणि रुग्ण घरी जातो. त्या ओळीचे पुढे काय झाले, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. बीडीएसच्या चार वर्षांत आणि नंतरच्या एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये तंबाखूने तोंडाचे काय होते हे त्याला नीट शिकवतात. पांढरा चट्टा कसा ओळखायचा, सुपारीने तोंड आखडत का जाते, गालातली कोणती जखम संशयास्पद, हे सगळे त्याला पाठ असते. पण 'सोडा' हे कसे सांगायचे, याचा सराव फार थोडा होतो. परीक्षेला बसायचे तर दाढा काढण्याचा, दात भरण्याचा, दात साफ करण्याचा कोटा पुरा करावा लागतो. रुग्णाशी दहा मिनिटे बोलण्याचा कोटा नाही. माझ्या मते तो असायला हवा. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. धूर ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, तर चघळणारे, लावणारे, ओठात धरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडची बहुतेक तंबाखू थेट तोंडात ठेवली जाते आणि तिच्या खुणा सर्वांत आधी दंतवैद्याला दिसतात. छातीच्या डॉक्टरकडे माणूस खोकला हटेना झाला की जातो. दातांच्या खुर्चीत मात्र पंचविशीतला धडधाकट तरुणही येतो, आणि आरशात त्याला त्याच्याच गालाचा आतला भाग दाखवता येतो. शिवाय रूट कॅनॉल असो की कवळी, रुग्णाला पुन्हा पुन्हा यावेच लागते. पाठपुरावा करायला वेगळे बोलवायची गरज नाही.

असे बोलणे उपयोगी पडते का? याचे एक जुने उत्तर आपल्याच देशातले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या ग्रामीण भागात ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांवर अभ्यास केला. दंतवैद्य घरोघर जाऊन तोंड तपासत आणि सोडण्याचा सल्ला देत. १९८६ मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. जिथे सल्ला मिळाला तिथे सोडणारे वाढले आणि पांढऱ्या चट्ट्यांचे नवे रुग्ण कमी झाले. त्यात ना महागडे यंत्र होते, ना शस्त्रक्रिया.

पुढे २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे उघडण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण दारावर पाटी लागली म्हणून आत बसलेल्या मुलाला बोलता येतेच असे नाही. ते शिकवावे लागते.

शिकवण्याचा सांगाडा साधा आहे. प्रत्येक रुग्णाला विचारायचे, स्पष्ट शब्दांत सोडण्याचा सल्ला द्यायचा, त्याची तयारी किती आहे ते पाहायचे, मदत करायची आणि पुढची भेट ठरवायची. अवघड आहे ती बोलण्याची रीत. म्हणून चांगल्या वर्गात दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवतात, एक डॉक्टर, दुसरा रुग्ण. समजा, रुग्ण झालेला मुलगा मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा चाचा आहे. डॉक्टर झालेला सुरू करतो, "चाचा, कॅन्सर होईल. मुलाबाळांचा तरी विचार करा." समोरचा मान डोलावतो आणि संभाषण संपते. असा चाचा बाहेर पडला की पहिल्या टपरीवर थांबतो.

मग शिक्षक तेच पुन्हा करायला लावतात. या वेळी मुलगा विचारतो, "चाचा, विडी कधी सोडावीशी वाटली होती का?"

"वाटली की. पोरगी झाली तेव्हा दोन महिने बंद होती."

"दोन महिने! कसं जमवलंत?"

आता बोलतोय तो चाचा. रात्री दोनला डोळे मिटायला लागतात, तेव्हा मागाशेजारचा सोबती विडी पुढे करतो, हे तोच सांगतो. अडचण सापडली की तिच्यावर उपाय शोधता येतो. रुग्णाच्या तोंडूनच कारणे काढून घेण्याची ही पद्धत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारू सोडवण्याच्या संदर्भात मांडली. नंतर ती तंबाखूसाठीही वापरली जाऊ लागली.

प्रश्नाचे शब्दही महत्त्वाचे. कोकणातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या खालाजानला "तंबाखू खाता का?" असे विचारा, ती "तौबा तौबा" म्हणेल आणि खरेच बोलत असेल. तंबाखू ती खात नाही, मशेरी लावते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही तंबाखूच, पण घरात तिला दातांचे औषध मानतात. दाढ दुखली म्हणून सुरू झालेली मशेरी पुढे पोट साफ होत नाही म्हणून दिवसातून चार वेळा लागते. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले, आणि त्या स्त्रियांत मशेरीच सर्वांत जास्त चालत होती. म्हणून विद्यार्थ्याला नावे घेऊन विचारायला शिकवले पाहिजे. मशेरी लावता का, तपकीर, खैनी, मावा, गुटखा? आणि हे सासूबाई किंवा शौहर शेजारी उभे असताना नाही. इथे मुलींचा उपयोग मोठा. आपल्या घरांतल्या कितीतरी मुली आता दंतवैद्यक शिकत आहेत, आणि खालाजान जे मुलाला सांगणार नाही ते बेटीला सहज सांगते.

रमजानबद्दल तर पाठ्यपुस्तकात काहीच नसते. व्यसन किती खोल आहे हे मोजायला विचारतात, 'उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट?' रोजेदाराला हा प्रश्न लागूच पडत नाही. त्याला विचारायचे, इफ्तारनंतर किती वेळात? खजूर-पाणी झाले की मगरिबच्या आधीच कोपऱ्यावर जाणारा आणि तरावीहनंतर एखादी ओढणारा, या दोघांना मदत वेगवेगळी लागते. आणि तेरा-चौदा तास न ओढता राहिलेल्या माणसाला 'तुम्हाला जमणार नाही' असे कोण म्हणेल? शाबानमध्येच सोडण्याची तारीख ठरवली, तर रमजानचा सगळा महिना हाताशी मिळतो. निकोटिनचे च्युइंगगम मात्र रोज्यात चालणार नाही, ते इफ्तार ते सेहरीच्या दरम्यान. त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल आपल्या आलिमांना विचारावे.

तंबाखू हराम की मकरूह, यावर उलेमांची चर्चा शतकांपासून चालू आहे. ती मस्जिदीत व्हावी, जरूर व्हावी. पण खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलाने फतवा ऐकवू नये. पुढच्या वेळी तो सवयी लपवेल, इतकेच होईल.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग दोन ते चार आठवड्यांत तगमग ओसरते. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांचीच असते. गम सारखा चघळायचा नाही, चुरचुर लागली की गालात दाबून धरायचा, आणि आधीची पंधरा मिनिटे चहा-कॉफी टाळायची. धूम्रपानाने हिरड्यांतले रक्त येणे दबलेले असते, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस ते जास्त दिसू शकते. हे ठाऊक नसलेला रुग्ण 'सोडली आणि उलट बिघडले' म्हणून परत सुरू करतो.

खुद्द विद्यार्थ्यांचे काय? शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून टपरी एकशे एकाव्या यार्डावर असते. स्वतः ओढणारा विद्यार्थी रुग्णाला विचारायला कचरतो. प्रशिक्षण तिथून सुरू झाले तर बरे.

महाविद्यालय जवळ नसेल, तर सिगारेट-गुटख्याच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

बरेच जण पहिल्या प्रयत्नात सोडत नाहीत. कवळीचे माप द्यायला आलेला चाचा मान खाली घालून सांगतो, "लग्नात दोन ओढल्या, मग सुरूच झाली." त्या क्षणी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली, तर चाचा पुढच्या मापाला येणार नाही. शिकवलेला विद्यार्थी विचारतो, "किती दिवस बंद होती?" अकरा दिवस. तो सवयींच्या रकान्यात अकरा दिवस लिहितो आणि त्याखाली नवी तारीख.