तिथी बघा, मग कुलाब्याला चाला



आज चालण्याबद्दल बोलायचं आहे. डोंगर चढायचा नाही, दोर नको, काठी नको. गुडघे कुरकुरणाऱ्या बाईलाही जमतील अशा समुद्रकाठच्या दोन वाटा सांगते. एक अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याच्या बेटावर जाणारी आणि दुसरी तिथून वीसेक किलोमीटरवर कोर्लईच्या भूशिरावरची. पहिली वाट जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची, तीही सपाट वाळूतून. पण ती दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. वेळ साधली तर घोट्याएवढ्या पाण्यातून गप्पा मारत जाल. चुकली तर किल्ल्यात पुढची ओहोटी येईपर्यंत बसून राहाल, आणि घाईने परत निघालात तर त्याहून वाईट. किल्ल्यात माणसं अडकल्याच्या बातम्या अधूनमधून आपण ऐकतोच. त्यातले बरेचजण पट्टीचे पोहणारेही असतात. पोहता येणं आणि पाण्याची वेळ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ही वेळ कळायची कशी? बहुतेक बायका म्हणतात, "हे बघतील मोबाईलमध्ये," किंवा "तिथे गेल्यावर विचारू." विचाराच. पण निघायच्या आधी, घरात बसूनही ती कळते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलंय, त्यात ती आहे. उपासाची चतुर्थी आणि एकादशी आपण जिथे बघतो, तिथेच.

हिशोब असा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती, पहाटे तीनलाही भरती. दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. किनाऱ्यावरच्या कोळणी हा हिशोब बोटांवर करतात. ओहोटीला त्या सुकती म्हणतात. "मावशी, आज सुकती किती वाजता?" असं विचारलंत तर घड्याळ न बघता सांगतील.

हे असं का होतं? समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्यात चंद्रही आपल्या वाटेने थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. त्याच्यामागून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पाऊणपट म्हणजे दिवसाला पंचेचाळीस मिनिटं, जवळपास तेच. संकष्टीला ताट वाढून चंद्रोदयाची वाट बघत आपण ताटकळतो ना, तो उशीर आणि भरतीचा उशीर एकच.

पण नुसती वेळ बघून भागत नाही. पाणी किती मागे हटतं तेही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. उधाणात भरती मोठी, तशीच ओहोटीही मोठी, पाणी दूरवर जातं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी-उभी पडते, त्याला भांगाची भरती म्हणतात. तेव्हा पाणी ना फार चढत, ना फार उतरत. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे सोयीची वाटते. पण त्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर पाणी हवं तेवढं हटेल याचा भरवसा नाही, शिवाय डोक्यावर ऊन. एकादशीलाही तसंच, ओहोटी दुपारी दोनच्या पुढे आणि पाणी अर्धवट. पौर्णिमेला वाट छान मोकळी होते, पण पहाटे आणि संध्याकाळी. संध्याकाळी मुळीच जाऊ नका. परतताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम.

राहिल्या द्वितीया ते पंचमी. शुद्धातल्या चार, वद्यातल्या चार, महिन्याला आठ दिवस. ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान, उधाणाचा जोर अजून शिल्लक, ऊन कोवळं. यात आपली संकष्टी बरोबर बसते. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. संकष्टीला सकाळी चालत जाऊन दर्शन घेता येतं, याला मी तरी योगायोगच म्हणेन. पण सोयीचा योगायोग. अंगारकी मात्र टाळा, चालण्यातली मजा गर्दीत जाते.

हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. म्हणून निघण्याआधी अलिबागची त्या दिवशीची वेळ पक्की करून घ्या. मग ओहोटीच्या तासभर आधी किनारा सोडा आणि ओहोटी लागल्यावर अर्ध्या तासात किल्ल्याबाहेर पडा. हा अर्धा तास मी हट्टाने सांगते. कारण पाणी नळाखालच्या बादलीसारखं एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. सुरुवातीला वाटतं, अजून कुठे काय वाढलंय? आणि मग मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. शिवाय वाळू दिसते सपाट, पण असते उंचसखल. खोलगट भाग आधी भरतो. तुमच्या पायाखाली कोरडं असतं आणि मागची वाट तुटलेली असते. जून ते सप्टेंबर तर हा विषयच नको, पावसाळ्यातला समुद्र तिथी मानत नाही.

पायात मागून पट्टा असलेली सँडल घाला. किल्ल्याजवळ खडक आहेत, त्यांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. साडी नेसली असेल तर खोचून घ्या. पिण्याचं पाणी बरोबर ठेवा आणि बाथरूमला निघण्याआधीच जाऊन या. हे कुणी सांगत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांच्यासाठी ओहोटीला घोडागाडी जाते. सासूबाईंना गाडीत बसवा, आपण चाला. जायचे-यायचे पैसे आधी ठरवा आणि परतायची वेळही.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला. समुद्राकडच्या तटाजवळ जाऊन नीट बघा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत देवळासमोर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे बघून मला दर वेळी नवल वाटतं. उत्तरेच्या टोकाला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांवर इंग्लंडातल्या कारखान्याचं नाव आणि १८४९ साल आहे. म्हणजे त्या आंग्र्यांच्या नाहीत, नंतरच्या. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, परतताना जाता येईल. ते असताना १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या किल्ल्यावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले.

त्या पोर्तुगिजांचं ठाणं होतं चौल-रेवदंड्याला आणि समोरच्या कोर्लईला. आपली दुसरी वाट तीच. अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्यावरून साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जाते. जेवण, थोडी विश्रांती झाली की दुपारी निघा. इथे भरती-ओहोटीचं बंधन नाही. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे एक डोंगर जिभेसारखा पाण्यात शिरलाय. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. गावातून, होड्या आणि वाळत घातलेली मासळी बघत, पाण्याच्या कडेने दीपगृहापर्यंत जायचं. रस्ता सोपा, मुलांनाही जमणारा. पायऱ्या नको असतील तर इथूनच फिरा, काही बिघडत नाही. चढायचं असेल तर दीपगृहाच्या मागून किल्ल्यावर पायऱ्या जातात, थांबत थांबत वीस मिनिटं. वर लांबट, अरुंद किल्ला आहे, पडकं चर्च आहे, आणि पलीकडे रेवदंड्याचा किनारा दिसतो. चतुर्थीला आलात तर तीनची भरती नुकतीच होऊन गेलेली असेल, खाडीचं तोंड काठोकाठ भरलेलं दिसेल. सकाळी ज्या पाण्याने तुम्हाला वाट दिली, तेच.

कोर्लई गावात कान उघडे ठेवा. मराठ्यांनी १७४० साली हा भाग घेतला, पोर्तुगीज गेले. पण त्यांच्या भाषेतून इथल्या ख्रिस्ती वस्तीत तयार झालेली बोली आजही घराघरात बोलली जाते. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. ती तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. आपणही चावी, साबण, पाव, बटाटा, कोबी हे शब्द पोर्तुगिजांकडूनच घेतले, पण इथे अख्खी भाषा राहिली. ओट्यावर बसलेल्या आजी आपसात बोलत असतील तर जरा थांबून ऐका. मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरू नका. बोलायचं असेल तर मराठीत बोला, त्यांना उत्तम येतं.

सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी किल्ल्यावरून उतरा. हिवाळ्यात लवकर अंधारतं आणि रस्त्यापर्यंत परत चालायचं असतं. अलिबागकडे परत येणारी शेवटची एसटी किती वाजता, ते सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा. पुढच्या संकष्टीची तारीख मात्र आज घरी जाऊन बघा.