रिम वाचवायची की टायर?

खऱ्या मोटारीचा टायर रिमला धरून ठेवते ती आतली हवा. रेडिओ-कंट्रोल, म्हणजे आरसी गाडीच्या टायरमध्ये हवा कोंडलेली नसतेच. आत फोमचं कडं असतं आणि टायर दबला-सुटला की हवेला वाट मिळावी म्हणून रिमला किंवा टायरला बारीक भोकं असतात. त्यामुळे मोटरचा सगळा जोर रबराच्या दोन कडांवर येतो. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या गाडीला थ्रॉटल दिला, की न चिकटवलेल्या टायरच्या आत रिम नुसतीच गरगरते. वेग वाढला की टायर फुगतो आणि कड खाचेतून निसटते. म्हणून या कडा सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवतात. आपल्या घरात फेविक्विक असतं, त्याच जातीचा हा गोंद.

मग कधीतरी टायरची नक्षी झिजून गुळगुळीत होते आणि रिम ठणठणीत राहते. किंवा उडी चुकून रिमला तडा जातो आणि टायर अजून कोरा असतो. दोन्ही एकदम खराब होण्याचं सौजन्य चाकं क्वचितच दाखवतात. अशा वेळी पेचकस खुपसून जोर लावणारे पुष्कळ भेटतात. त्यात रिमची कड चिरते, रबर फाटतं, क्वचित तळहातही. या गोंदाचा स्वभाव माहीत असेल तर एवढी मारामारी लागत नाही.

त्याचा जन्मच चिकटून बसण्याच्या तक्रारीतून झाला. १९४२ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेलं सायनोअ‍ॅक्रिलेट दिसेल त्याला चिकटायचं, म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. १९५१ मध्ये टेनेसीतल्या किंग्जपोर्टला त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याच कुळातल्या द्रवाचा थर अपवर्तनमापकाच्या दोन लोलकांमध्ये दिला, आणि ते महागडे लोलक सुटेनात. या वेळी मात्र कूव्हरना त्यात गोंद दिसला. १९५८ साली तो ‘ईस्टमन ९१०’ या नावाने बाजारात आला.

हा गोंद बाटलीत द्रव असतो, कारण तिथे त्याला ओलावा मिळत नाही. वस्तूच्या पृष्ठभागावर हवेतल्या बाष्पाचा अदृश्य थर असतो. त्याला स्पर्श होताच सुटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात. सरळ ओढलं तर हा जोड जबरदस्त टिकतो, पण एका कोपऱ्यातून सोलत गेलं तर बराच दुबळा ठरतो. साध्या प्रकारच्या गोंदाची उष्णता सोसण्याची मर्यादाही साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच. आणि गंमत अशी, की ज्या पाण्यामुळे तो घट्ट होतो, तेच पाणी गरम असलं की त्याचा जोड हळूहळू सैल करतं.

म्हणून माझं पहिलं मत उकळत्या पाण्याला. आरसी बग्गीच्या बहुतेक रिमा नायलॉनच्या असतात आणि नायलॉनला हे स्नान मानवतं. ते पाणी शोषतं आणि कमी ठिसूळ होतं. या छंदातले लोक नायलॉनचे नवे भागही मुद्दाम उकळून घेतात. स्वयंपाकातून बाद झालेलं पातेलं घ्यावं, भोकांवर चिकटपट्टी लावावी, फोममुळे चाक तरंगतं म्हणून वर वजन ठेवावं आणि अर्धा तास उकळू द्यावं. मग जाड हातमोजे घालून, चाक गरम असतानाच, बोथट पट्टीने कडेचा एक कोपरा उचलायचा आणि तिथून सोलत गोल फिरायचं. अडलं की पुन्हा पाण्यात. रिम एबीएस प्लॅस्टिकची असेल तर मात्र हा उपाय नको. ते शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि चाक वाकडं होतं. काही जण चाकं ओव्हनमध्ये भाजतात. तापलेल्या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या नानकटाई भाजायची असते, तेव्हा मला तो प्रकार पसंत नाही.

दुसरा मार्ग अ‍ॅसिटोनचा. नेलपॉलिश काढायच्या अनेक द्रवांत असतं तेच हे, पण इथे निखळ लागतं. काचेच्या किंवा धातूच्या झाकणबंद डब्यात चाक रात्रभर बुडवून ठेवलं, की गोंद मऊ होऊन लगद्यासारखा निघतो. नायलॉन याला दाद देत नाही. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट मात्र खराब होतात, चकचकीत क्रोमचा मुलामा उतरतो आणि थर्माकोलचं भांडं वापरलं तर तेच विरघळतं. रबर थोडं फुगतं, वाळल्यावर बहुधा पूर्ववत होतं. फोमचा भरवसा धरू नये. डॉक्टरी निळे नायट्राइलचे हातमोजेही काही मिनिटांत हार मानतात, ब्यूटाइल रबराचे घ्यावेत. आणि हे काम दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत पणतीपर्यंत पोहोचते.

टायर मेलेलाच असेल तर एवढं सोसायचं कारण नाही. रिमच्या थोडं वरून कटर फिरवून टायर कापून टाकावा. फोमचं कडं सहीसलामत बाहेर येतं आणि रिमला उरते ती रबराची चिंचोळी पट्टी. ती बुडवायला थोडंसं अ‍ॅसिटोन पुरतं. तडकलेल्या रिमवरचा कोरा टायर वाचवायचा असेल तर उलट करावं: आधी उकळावं आणि तरीही हटला नाही तर करवतीने रिमचे तुकडे करावेत. रिमचा कसला मोह, ती गेलेलीच आहे.

सुटलेल्या रिमच्या खाचेत जुन्या गोंदाचे खवले राहतात. ते खरवडल्याशिवाय नवा टायर नीट बसत नाही. नव्या टायरला साच्यातून सुटा व्हावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा तेलकट अंश असतो. कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली नाही तर गोंद रबराला धरतच नाही. पातळ गोंद फटीत आपोआप ओढला जातो, तेव्हा थेंब-थेंबच टाकावा. ओघळलेला गोंद सुती चिंधीने मात्र पुसू नये. कापसाशी त्याची क्रिया इतकी झपाट्याने होते, की चिंधी चटका बसण्याइतकी तापते.

दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांनी या सगळ्यातून अंग काढून घेतलं आहे. त्यांच्या बीडलॉक रिमांवर धातूचं कडं बारीक स्क्रूंनी आवळून टायरची कड दाबून धरतात. टायर बदलायचा तर स्क्रू काढायचे. वजन मात्र वाढतं. क्रॉलरला ते हवंच असतं, खाली वजन असलं की गाडी उलटत नाही. शर्यतीच्या बग्गीला चाकावरचा जादा ग्रॅमही वेग घेताना जाचतो, म्हणून तिथे अजून गोंदाचीच बाटली चालते.