कर्जवसुलीचे दूरध्वनी (भारत)

कर्जवसुलीचे दूरध्वनी म्हणजे थकलेल्या कर्जाच्या फेडीसाठी धनकोने किंवा त्याने नेमलेल्या वसुली प्रतिनिधीने ऋणकोला, आणि कधी कधी त्याच्या जामीनदारांना, कुटुंबीयांना वा परिचितांना केलेले दूरध्वनी. थकबाकीची मागणी करणे हा धनकोचा हक्क आहे. मात्र धमकी, शिवीगाळ, बदनामी आणि अवेळी किंवा सतत केलेले दूरध्वनी यांना भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी मनाई आहे. देणे आणि छळ या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र बाबी आहेत. कर्ज थकले म्हणून छळ वैध ठरत नाही, तसेच छळ झाला म्हणून कर्ज माफ होत नाही.

पूर्वपीठिका

देण्यासाठी मागे लागण्याला मराठीत ‘तगादा’ म्हणतात. हा शब्द मुळात अरबी असून ‘तकाजा’ या रूपाने तो फारसी व हिंदुस्तानीतही रूढ आहे. मराठेशाहीत ऋणकोच्या दारी माणूस बसवणे किंवा स्वतः धरणे धरून बसणे ही वसुलीची परिचित रीत होती. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 508 मध्ये दैवी कोपाची भीती घालणे हा अपराध ठरवण्यात आला आणि त्याचे उदाहरण म्हणून दाराशी धरलेल्या धरण्याचाच उल्लेख केला गेला. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे व खतपत्रे नष्ट केली. त्यानंतर झालेल्या 1879 च्या ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली. दारातील तगाद्याची जागा पुढे दूरध्वनीने घेतली, तरी चारचौघांत अब्रू जाण्याची भीती हेच त्याचे साधन बहुधा राहिले.

वसुली प्रतिनिधीचे स्थान

वसुली प्रतिनिधी हा बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा अभिकर्ता असतो. त्याला पोलिसांचे किंवा न्यायालयाचे कोणतेही अधिकार नसतात. काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवले तरी प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच राहते. वसुलीसाठी गुंडांचा व बळाचा वापर करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने 24 एप्रिल 2008 रोजी वसुली प्रतिनिधींविषयी सविस्तर परिपत्रक काढले. त्यातील प्रमुख तरतुदी अशा:

* प्रकरण सोपवताना बँकेने वसुली संस्थेचा तपशील ऋणकोला कळवावा.
* प्रतिनिधीजवळ सूचनेची प्रत, अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावे.
* प्रतिनिधींना विहित प्रशिक्षण दिलेले असावे.
* ऋणकोची तक्रार प्रलंबित असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली संस्थेकडे पाठवू नये. तक्रार निरर्थक असल्याची बँकेची खात्री झाल्यास याला अपवाद करता येतो.

वेळ व वर्तनाचे नियम

रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर दूरध्वनी करता येत नाही. सूक्ष्मवित्त कर्जांसाठी, म्हणजे प्रामुख्याने महिला गटांमार्फत दिल्या जाणाऱ्या लहान कर्जांसाठी, ही मर्यादा सकाळी 9 ते सायंकाळी 6 अशी अधिक कडक आहे.

विहित वेळेतही सतत दूरध्वनी करणे, धमकीचे किंवा निनावी दूरध्वनी करणे, अनुचित संदेश पाठवणे, खोटी माहिती देणे आणि चारचौघांत अपमान करणे निषिद्ध आहे. कुटुंबीय, मित्र व संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगीपणावर आक्रमण करण्यासही मनाई आहे.

अटकेची धमकी

‘आज पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील’ ही तगाद्यातील सर्वांत परिणामकारक धमकी मानली जाते. केवळ हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. ती दिवाणी बाब आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दिवाणी कैदेची तरतूद आहे. परंतु निव्वळ गरिबीमुळे देणे फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले.

याला काही महत्त्वाचे अपवाद आहेत. दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली खटला होऊ शकतो. बँक खात्यातून हप्ता कापून घेण्याचा इलेक्ट्रॉनिक आदेश पुरेशा रकमेअभावी परत गेल्यास 2007 च्या प्रदान व निपटारा प्रणाली कायद्याचे कलम 25 लागू होऊ शकते. खोट्या कागदपत्रांवर कर्ज घेणे हा वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे न्यायालयाची किंवा वकिलाची लेखी नोटीस आणि दूरध्वनीवरील धमकी यांत भेद करणे आवश्यक ठरते. नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे लागते. दूरध्वनीवरून मात्र अटक वॉरंट बजावले जात नाही आणि ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही.

जामीनदार, संदर्भ व्यक्ती आणि वारस

जामीनदाराची जबाबदारी करारात अन्यथा ठरले नसल्यास मूळ ऋणकोइतकीच असते. त्यामुळे त्याच्याकडे मागणी करणे वैध आहे. कर्जाच्या अर्जात केवळ संदर्भासाठी नाव दिलेली व्यक्ती मात्र काहीही देणे लागत नाही. शेजारी, सहकारी व नातेवाईक यांनाही हेच लागू होते. ऋणकोच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच असते. स्वतःच्या मिळकतीतून ते कर्ज फेडण्यास ते बांधील नसतात. मात्र वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असल्यास त्याची करारातील जबाबदारी कायम राहते.

कर्ज देणारी ॲप

भ्रमणध्वनीवरील काही बेकायदा कर्ज ॲपनी संपर्कयादी व छायाचित्रे मिळवून ऋणकोच्या परिचितांना बदनामीकारक संदेश पाठवण्याचे प्रकार केले. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी जारी केलेल्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा ॲपना संपर्कयादी, संभाषणांची नोंद आणि फाइली वापरण्यास मनाई करण्यात आली. 8 मे 2025 च्या निर्देशांत हे नियम एकत्रित करण्यात आले. नोंदणी नसलेल्या संस्थांविषयी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर, तर खंडणी व बदनामीच्या प्रकारांविषयी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे.

प्रतिसादाची पद्धत

दूरध्वनी करणाऱ्याचे नाव, संस्थेचे नाव, कर्ज खाते क्रमांक आणि अधिकारपत्र यांची विचारणा करणे ही पहिली पायरी होय. प्रतिनिधीची नेमणूक खरी आहे की नाही, हे त्याने दिलेल्या क्रमांकावर न विचारता बँकेच्या शाखेतून पडताळले जाते. पैसे प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात न भरता कर्ज खात्यातच भरून पावती घेणे सुरक्षित असते.

पुढील पायरी लेखी व्यवहाराची. अडचणीचे कारण, दरमहा भरता येण्याजोगी रक्कम आणि हप्त्यांच्या पुनर्रचनेची विनंती बँकेला पत्राने किंवा ई-मेलने कळवल्यास त्याची नोंद राहते. बँक ही विनंती मान्य करण्यास बांधील नसते. रक्कम कमी करून तडजोड झाल्यास तिचे पत्र आधी आणि बेबाकी दाखला नंतर घेतला जातो. तडजोडीने बंद केलेल्या खात्याची तशी नोंद पतअहवालात होते आणि पुढील कर्जावर तिचा परिणाम होऊ शकतो.

जुन्या कर्जांबाबत मुदत कायदा, 1963 महत्त्वाचा आहे. तारण नसलेल्या कर्जाच्या दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी कबूल केल्यास ती नव्याने सुरू होते.

छळ होत असल्यास दिनांक, वेळ, क्रमांक व बोलणे यांची नोंदवही ठेवणे, संदेश जपणे आणि ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल सांभाळणे उपयुक्त ठरते. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते. क्रमांक अवरुद्ध केल्याने त्रास तात्पुरता थांबतो. परंतु व्याज चालू राहते आणि बँकेच्या महत्त्वाच्या सूचना चुकण्याचा संभव असतो.

तक्रार निवारण

प्रथम बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ही एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 पासून सुरू झाली. तिच्या माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

धमकी, खंडणी किंवा स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान झाल्यास बँकेच्या उत्तराची वाट न पाहता पोलिसांत तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम 351 फौजदारी धाकदपटशाविषयी आहे. तगाद्याच्या ताणाखाली असलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबीयांना ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य मानसिक आधार मिळू शकतो.

महाराष्ट्रातील पतसंस्था व सावकार

सहकारी पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा अधिकार चालत नाही. त्यांच्याविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे तक्रार करावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 नुसार पतसंस्थेला वसुली दाखला मिळू शकतो व त्याआधारे जप्तीही होऊ शकते. म्हणून या प्रकरणातील सुनावणीची नोटीस दुर्लक्षून चालत नाही. खासगी सावकारांना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 लागू आहे. विनापरवाना सावकारी हा त्याखाली गुन्हा असून तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

इतर देशांत

अमेरिकेत 1977 च्या संघीय कायद्यानुसार ऋणको वसुली संस्थेला लेखी कळवून संपर्क थांबवण्यास सांगू शकतो. त्यानंतर ठरावीक सूचनांखेरीज संपर्क साधता येत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दूरध्वनीची वेळ व रीत बांधून दिली आहे, परंतु संपर्क पूर्णपणे थांबवण्याचा असा हक्क दिलेला नाही.