शालेय राष्ट्रीय कुस्ती बघायची कशी? माती, मॅट आणि गुणफलक

(बिद्री, ता. कागल येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बिद्रीत येऊन कुस्तीवर बोलायचं म्हणजे तसं धाडसच आहे. इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी लंगोट बांधलेला आहे. शेजारी मुरगूडला सदाशिवराव मंडलिकांच्या नावानं कुस्ती संकुल आहे, तिथं मुली मॅटवर घाम गाळतात. कागलच्या शाहू साखर कारखान्याच्या मॅटवरच्या स्पर्धा तुम्ही बघत आलाय. तेव्हा कुस्ती म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगणार नाही. माझा विषय लहान आहे. तुमच्या गावातलं पोरगं किंवा पोरगी शालेय राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर ती स्पर्धा आपण घरबसल्या किंवा प्रत्यक्ष जाऊन नीट कशी बघायची, एवढंच.

हे सांगायची गरज का पडते? कारण मैदानातली कुस्ती आपल्याला डोळे झाकून कळते, आणि मॅटवरची कुस्ती डोळे उघडे ठेवूनही कळत नाही. पंच हात वर करतो, बोटं दाखवतो, फलकावरचे आकडे बदलतात, आणि आपण शेजाऱ्याला विचारतो, "आता काय झालं?" बघणाऱ्याला कळलं नाही तर फार बिघडत नाही. पण खेळणाऱ्या पोराला आणि त्याच्या वस्तादाला कळलं नाही, तर वर्षाची मेहनत जाते.

आधी जपानकडं बघू

जपानमध्ये शाळकरी पोरांची सुमो स्पर्धा असते. कानाझावा शहरातली हायस्कूल स्पर्धा १९१५ पासूनची. आपल्या खासबाग मैदानाचं काम १९१२ साली पुरं झालं, म्हणजे दोन्ही गोष्टी जवळपास एकाच काळातल्या. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी बघितलं, आणि कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसेल असं वाडग्यासारखं मैदान कोल्हापुरात बांधून घेतलं.

जपानी शाळेचा संघ तीन किंवा पाच जणांचा असतो. एकेक जोड लागते, आणि तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन जिंकणारी शाळा पुढं जाते. त्यामुळं संघातला सगळ्यात दुबळा पोरगाही महत्त्वाचा. त्याच्या एका लढतीवर शाळा तरते किंवा बुडते. पुढं व्यावसायिक सुमोत सर्वोच्च पदाला, म्हणजे योकोझुनापदाला पोचलेले काही मल्ल अशाच शाळांतून आले. मंगोलियातून आलेला असाशोर्यू कोची प्रांतातल्या मेइतोकू गिजुकू शाळेत होता. तेरुनोफुजी तोत्तोरी जोहोकू शाळेत होता.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. तिकडचं शाळकरी पोरगं मातीच्या ज्या गोलात खेळतं, साधारण साडेचार मीटर व्यासाच्या, तसल्याच गोलात व्यावसायिक मल्लही खेळतो. नियमाचा गाभाही तोच. गोलाबाहेर पाय पडला, किंवा तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, की हरला. शाळेपासून टोकियोपर्यंत रस्ता एकच.

आपल्याकडं तसं नाही. आपलं पोरगं तालमीच्या लाल मातीत तयार होतं, जत्रेच्या मैदानात नाव कमावतं, आणि शाळेकडून खेळायची वेळ आली की त्याला मॅटवर उभं करतात. आजच्या विषयाची खरी अडचण हीच आहे.

एका रेषेचे तीन अर्थ

फरक समजून घ्यायला मी एकच उदाहरण घेतो. कडेची रेषा.

सुमोत रेषेबाहेर पाय गेला, की सगळं संपलं. आपल्या मातीच्या मैदानात जोड कडेला गेली, की पंच दोघांना धरून मधी आणतो, कुणाचं काही जात नाही. मॅटवर या दोन्हीच्या मधलं आहे. नऊ मीटर व्यासाचा गोल असतो, त्याच्या कडेला एक मीटरचा नारंगी पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या बाहेर पाय पडला, की समोरच्याला एक गुण.

मातीत वाढलेल्या पोराला कडेला सरकायची सवय असते. तिथं दम खाता येतो. मॅटवर तो तसाच मागं सरकतो आणि एक गुण घालवतो. पुन्हा सरकतो, पुन्हा एक. त्याला वाटतं, मी तर पडलोच नाही. बरोबर आहे, पडला नाही. पण हरत चाललाय.

दुसरी सवय खाली बसायची. मातीत प्रतिस्पर्ध्यानं कब्जा घेतला, की आपला मल्ल पोटावर घट्ट पडून राहतो. चितपट होत नाही तोवर काही बिघडत नाही. निकाली कुस्तीत हे शहाणपण आहे. मॅटवर मात्र ताबा गेला की दोन गुण गेले. आणि वरच्यानं कमरेला विळखा घालून भारंदाज लावला, एकदा फिरवलं, की आणखी दोन. चार वेळा फिरवलं तर आठ. दोन आणि आठ दहा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते, तांत्रिक गुणाधिक्यानं निकाल लागतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात होऊ शकतं. दोन्ही खांदे मातीला लागू न देणारा पोरगा मान खाली घालून बाहेर येतो, आणि गावाकडं फोन जातो, "पंचांनी घोटाळा केला." घोटाळा नसतो मंडळी, हिशेब असतो.

फलक वाचायचा कसा

आता हिशेब बघू. हे जागतिक कुस्ती संघटनेचे नियम आहेत.

एक मल्ल लाल पोशाखात, दुसरा निळ्या. सतरा वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या. मधी तीस सेकंद विश्रांती.

उभ्या कुस्तीतून समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला, तर दोन गुण. एकेरी पट, दुहेरी पट काढून आपली पोरं बहुतेक गुण इथंच घेतात. खालच्याची पाठ मॅटकडं वळवली, तर दोन. उभ्यानं उचलून थेट पाठीवर टाकलं, तर चार, आणि फार मोठी फेक असली तर पाच. खालचा सुटून वर आला आणि त्यानं ताबा उलटवला, तर एक. रेषेबाहेर घालवलं, तर एक. आणि दोन्ही खांदे टेकवले, तर गुण कितीही असोत, कुस्ती संपली. तेवढी गोष्ट माती आणि मॅट दोन्हीकडं सारखी आहे. ढाक बसली आणि चितपट झाली, तर दहा गुणांनी मागं असलेला नव्हे, पण नऊ गुणांनी मागं असलेलाही जिंकतो.

जो नुसता टाळत राहतो त्याला आधी ताकीद मिळते. तरीही हालचाल नसेल, तर त्याला तीस सेकंद दिले जातात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरच्याला एक गुण.

आता बरोबरीचं बघा. फलकावर ४-४ दिसतंय, वेळ संपली, आणि पंचानं एकाचा हात वर केला. का? आधी मोठा डाव कुणी मारला ते बघतात. एकानं एकाच फेकीत चार घेतले, दुसऱ्यानं दोन-दोन करून चार घेतले, तर फेकवाला जिंकला. तेही सारखं असेल, तर कमी ताकिदी कुणाला ते बघतात. तेही सारखं असेल, तर शेवटचा गुण कुणी घेतला ते. म्हणून १-१ अशा कुस्तीत शेवटच्या मिनिटात कोण पुढं आहे हे आकड्यात दिसत नाही, ते तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं. एवढं कळलं, की शेवटची तीस सेकंदं बघण्यात खरी मजा येते.

प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयावर दाद मागता येते. चित्रीकरण परत बघतात. दाद फेटाळली, तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणून चांगला प्रशिक्षक चिडून दाद मागत नाही, मोजून मागतो.

हरल्यावरही बघत राहा

शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होते. मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयोगट आहेत. मुलांना फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन, मुलींना फ्रीस्टाइल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायचं नाही, पायाचा डाव नाही.

गावातली माणसं एक चूक हमखास करतात. आपलं पोरगं पहिल्या फेरीत हरलं, की बघणं बंद. पण मॅटच्या कुस्तीत रेपेचाज नावाची सोय आहे. तुमचं पोरगं ज्याच्याकडून हरलं, तो अंतिम फेरीत पोचला, तर तुमच्या पोराला परत बोलावतात. समजा गटात सोळा मल्ल आहेत. अंतिम फेरीत पोचलेल्यानं वाटेत तिघांना हरवलेलं असतं. त्यातले पहिले दोघं आपसांत लढतात, आणि जिंकणारा तिसऱ्याशी कांस्यपदकासाठी लढतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच, म्हणून कांस्यपदकं दोन. म्हणजे हरल्यानंतर पोरानं ज्यानं हरवलं त्याच्याच नावानं टाळ्या वाजवायच्या, आणि अंग गार पडू द्यायचं नाही.

नियम माहीत नसण्याची किंमत

तुम्ही म्हणाल, एवढं बारीक कशाला. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिक्षण कराडला आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मॅट त्यांना नवीन होती, नियमही नवीन. तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथं खाशाबांची गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. लढत लांबली, खाशाबा थोडक्यात हरले. त्यानंतर पुरती विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं गेलं, आणि नियमानं मिळणाऱ्या विश्रांतीसाठी भांडायला तिथं भारताचा कुणी अधिकारी नव्हता, असं सांगितलं जातं. इशीला सुवर्ण मिळालं, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडलं. पॅरिसमध्ये नेमबाजीत ते मिळवलं ते इथूनच जवळच्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं.

ताकद खाशाबांकडं होतीच. कमी पडलं ते त्यांच्या बाजूनं नियम बोलणारं माणूस. तालुक्याच्या स्पर्धेत आज आपल्या पोराबरोबर तसं माणूस असतं का, एवढं प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

श्रोत्यांचे प्रश्न

*मग माती बंद करायची का?*

नाही. मातीत जे अंग, जी मान, जी पकड तयार होते ती कामाला येतेच. जत्रेच्या इनामावर पोराचा खुराक चालतो, हेही खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की शाळेच्या स्पर्धेआधी काही महिने तरी पोरगं मॅटवर उतरलं पाहिजे, आणि घड्याळ लावून, गुण मोजून सराव झाला पाहिजे. मॅट नसेल तर मातीतच चुन्यानं गोल आखा आणि बाहेर पाय गेला की एक गुण मोजा. याला पैसे लागत नाहीत.

*पोराचं वजन दोन किलो जास्त भरतंय. खालच्या गटात घालू का?*

वाढत्या वयात पाणी तोडून, उपाशी ठेवून वजन उतरवू नका. वजन स्पर्धेच्या सकाळी होतं, आणि कुस्त्या त्याच दिवशी सुरू होतात. सुकलेलं पोरगं दुसऱ्या फेरीतच गळतं, आणि शरीराचं नुकसान होतं ते वेगळंच. जे वजन पोटभर खाऊन भरतंय, तोच त्याचा गट.

*मुलीला पाठवावं का? लोक बोलतात.*

जपानच्या व्यावसायिक सुमोत बाईला त्या गोलात पायही ठेवू देत नाहीत. आपण त्यापेक्षा पुढं आहोत. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. मुलीला पाठवताना लोकांचं बोलणं सोडा, तीन गोष्टी विचारा. राहायची सोय कशी आहे, सोबत महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे का, आणि दुखापत झाली तर डॉक्टर कोण. याची उत्तरं नीट मिळाली, तर पाठवा.

*शाळेत खेळून पुढं काय?*

दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण दोन्हीसाठी प्रमाणपत्र आणि जन्मतारखेचे कागद चोख लागतात. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात शाळेतून घ्या, झेरॉक्स काढून घरात ठेवा. पदक भिंतीवर शोभतं, पण नोकरीच्या वेळी कागदच दाखवावा लागतो.

वेळ झाली आहे. पुढच्या स्पर्धेला जाताना खिशात छोटी वही आणि पेन ठेवा, आणि आपल्या पोराचा प्रत्येक गेलेला गुण कशामुळं गेला ते लिहा. परत आल्यावर ती वही वस्तादाच्या हातात द्या.