पोथीचें अक्षर आणि संगणकाचें अक्षर

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस 'फाँट' हा शब्द ऐकतांच बहुधा कपाळास आठी पडते. आमच्याही पडत असे. छापखान्यानें बोरू मोडला, संगणकानें छापखाना मोडला, आतां अक्षराचें वळण म्हणून कांहीं पाहावयाचें तर दप्तरेंच सोडावींत, असा आमचा ग्रह होता. परंतु इ. स. १५०३ च्या एका पोथीवरून मुंबईच्या अक्षरकारांनीं जो नवा टाईप अलीकडे सिद्ध केला, तो पाहिल्यावर हा ग्रह आम्हांस सोडावा लागला. त्या टाईपाची हकीकत, आणि तिचा आपल्यासारख्या पोथीवेड्यांच्या कामाशीं काय संबंध पोंचतो तें, प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

या टाईपाचें नांव 'जैनी'. 'एक टाईप' या संस्थेनें तो प्रसिद्ध केला असून गिरीश दळवी व मैथिली शिंगरे यांनीं तो रेखिला आहे. आधार कल्पसूत्राच्या पोथीचा. पर्युषणांत वाचला जाणारा हा अर्धमागधी ग्रंथ श्रीमंत श्रावक मोठ्या खर्चानें लिहवून घेत व साधूंस अर्पण करीत, त्यामुळें पश्चिम हिंदुस्थानांत त्याच्या उत्तमोत्तम प्रती झाल्या. त्यांतील चित्रांची कीर्ति सर्वत्र आहे. अक्षरांकडे मात्र चित्रांमुळेंच दुर्लक्ष झालें, असें आम्हांस वाटतें. वास्तविक त्या पोथ्यांतील अक्षर हेंच एक चित्र आहे. चौकोनी, भरदार, एकमेकांस खेटून बसलेलें, आणि काळ्या शाईच्या ओळींत कोठें पांढरें व कोठें काळें किती असावें याचा हिशेब पक्का ठेवणारें.

या पोथ्यांतील एक गोष्ट येथें मुद्दाम सांगावीशी वाटते. ताडपत्रांस दोरा ओंवण्यासाठीं मध्यें भोंक पाडीत व त्याभोंवतीं जागा कोरी सोडीत. पुढें कागद आला, दोऱ्याची गरज उरली नाहीं, तरी लेखकांनीं ती कोरी जागा सोडली नाहीं. तींत भोंकाच्या जागीं तांबडा ठिपका अथवा कांहीं नक्षी काढूं लागले. गरजेची खूण अलंकार होऊन राहिली. नव्या साधनावर जुनें रूप कसें टिकतें याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तो संगणकाच्या पांचशें वर्षें आधींचा आहे. म्हणून 'परंपरा आणि नावीन्य यांचा मेळ' हा आजच्या कलाशाळांतला आवडता विषय कोणी नव्या काळाची कमाई म्हणून सांगूं लागला, तर आम्ही त्यास ही पोथी दाखवूं.

आतां अक्षर घडतें कशानें? लेखणीनें. बोरूचें टोक तिरपें छाटतात, आणि तें रोमन लेखणीच्या उलट बाजूस. त्यामुळें नागरीची जाड रेघ व बारीक रेघ जेथें पडते तेथें ती रोमनमध्यें पडत नाहीं. हा सारा अक्षराचा धर्म एका चाकूच्या कापांत असतो. जो चित्रकार हें न जाणतां नागरी अक्षर 'काढतो', त्याचें अक्षर कितीही नटविलें तरी परकें दिसतें. उपाहारगृहांच्या पाट्यांवर रोमन अक्षरें शिरोरेघेस टांगून तीं 'भारतीय' केल्याचें सर्वांनीं पाहिलें असेल. त्यास मेळ म्हणत नाहींत, वेषांतर म्हणतात. जैनीच्या कर्त्यांनीं पोथीची वेलबुट्टी न उचलतां तिच्या लेखणीचा कायदा उचलला, हें त्यांच्या कामाचें मर्म आहे.

हस्ताक्षराचा आणि यंत्राचा हा व्यवहार महाराष्ट्रांत जुना आहे. नाना फडणीसांच्या उत्तेजनानें एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची विद्या साधली आणि नानांच्या पश्चात् मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें इ. स. १८०५ त भगवद्गीता त्या रीतीनें छापली गेली. त्याच सालीं तिकडे श्रीरामपुरीं केरीचें मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत निघालें, आणि १८१० त त्याचा कोश निघाला तो मोडी खिळ्यांत. गणपत कृष्णाजींनीं १८३१ त मुंबईस पंचांग छापलें तें शिळाप्रेसावर. शिळाप्रेसांत लेखकाचा हात जसाच्या तसा दगडावर उतरतो, म्हणून शिळेवरच्या पोथ्या पुष्कळ काळ हस्तलिखितांच्याच आकाराच्या, सुट्या पत्रांच्या निघत राहिल्या. खिळ्यांची गोष्ट निराळी. जावजी दादाजींनीं १८६४ त टाईपांचा कारखाना व १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनीं पोलादावर कोरलेल्या ठशांनीं त्या छापखान्याचें नांव काशीपर्यंत नेलें. आम्ही संस्कृत शिकलों तें काव्यमालेच्या जुन्या पुस्तकांवर. तें अक्षर डोळ्यांस इतकें सरावलें कीं पुढें दुसऱ्या कोणत्याही टाईपांत छापलेला श्लोक आम्हांस किंचित् अशुद्ध वाटे!

पण खिळ्यांचा एक जाच होता. जोडाक्षरें, मात्रा, वेलांट्या धरून नागरीचे खिळे शेंकड्यांनीं लागत, आणि जुळाऱ्यास कित्येक खणांतून हात फिरवावा लागे. पुढें कळी दाबून ओळ पाडणारीं यंत्रें आलीं, त्यांत तर जागा मोजकी. तेव्हां लिपीच छाटा, असा विचार बळावला. सावरकरांनीं पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी याच काळची. तिच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ होतें हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु यंत्राच्या सोयीसाठीं अक्षरानें आपलें अंग चोरावें, ही त्या काळची नवी रीत आम्हांस कधींच रुचली नाहीं.

आजचें यंत्र उलट वागतें, हें आम्हांस फार उशीरां कळलें. संगणकीय टाईपांत जोडाक्षरांस खणांची मर्यादा नाहीं. 'द्ध्य' असें टंकिलें असतां द, ध, य हीं तीन अक्षरें व त्यांमधील हलन्ताच्या खुणा पोटांत शाबूत राहतात, आणि डोळ्यांपुढें मात्र अक्षरकारानें रेखिलेलें जोडाक्षर येतें. उच्चाराचा क्रम एकीकडे व लिहिण्याचें रूप दुसरीकडे, असा हा विभाग आहे. शिक्षाग्रंथ वाचलेल्यास तो नवा वाटूं नये. ल. श्री. वाकणकर (१९१२-१९९९) यांनीं 'गणेशविद्या' या १९६८ च्या पुस्तकांत भारतीय लिपींचें मूळ ध्वनिविचारांत आहे हें मांडलें. अक्षरकार व कवि र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनीं पवईच्या तंत्रविद्यालयांत शिष्य तयार केले, आणि विंडोज २००० बरोबर घरोघर गेलेला 'मंगल' हा टाईपही त्यांच्याच हातचा. मंगलांतील ल व श उत्तरेकडील वळणाचे, याबद्दल मराठी वाचकांची तक्रार रास्त आहे. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी ल व श यांचें वळण नक्की केलें, आणि आतां एकाच टाईपांत मराठीसाठीं एक रूप व हिंदीसाठीं दुसरें ठेवतां येतें.

जैनीकडे परत वळूं. हा टाईप दोन रूपांत मिळतो. 'जैनी पूर्व' यांत पोथींतील जुनीं अक्षररूपें राखिलीं आहेत. नुसत्या 'जैनी'त वळण पोथीचें पण अक्षररूपें आजच्या वाचकास कळतील अशीं. ही फोड आम्हांस फार शहाणपणाची वाटली. जुन्या रूपांच्या नुसत्या नकलेनें नवशिका अडतो, आणि सर्वच रूपें नवीं केलीं तर पोथीचा पुरावा बुडतो. कर्त्यांनीं दोन्ही करून त्यांस दोन नांवें दिलीं. आमच्या संपादकांनीं मूळ पाठ व शोधलेला पाठ असेच वेगळे ठेविले असते तर किती वाद मिटते!

हें वाक्य लिहितांना स्वतःचीच एक चूक आठवते. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं. सतराव्या शतकापर्यंतच्या नागरी पोथ्यांत एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर न देतां अक्षराच्या आधीं उभ्या रेघेनें देतात. हिलाच पृष्ठमात्रा किंवा पडिमात्रा म्हणतात. ती दिसते हुबेहूब मागील अक्षराच्या कान्यासारखी. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, पोथीवाचनाचा गर्व नुकताच चढला असतां, आम्हीं एका काव्याच्या प्रतीची पुष्पिका उतरून घेतली व 'माठ लिखितम्' असें वाचलें. माठ हें लेखकाचें उपनांव! तृतीया नाहीं ही गोष्ट खटकली, पण तिचें खापर लेखकाच्या अज्ञानावर फोडून आम्ही मोकळे झालों. इतकेंच नव्हे, तर 'माठ' घराणें कोठलें असावें याविषयीं एका छोट्या लेखांत तर्कही केला. तेथें पडिमात्रा होती. खरा पाठ 'मठे लिखितम्', म्हणजे मठांत लिहिलें. बिचाऱ्या लेखकानें आपलें नांव सांगितलेंच नव्हतें. त्यास उपनांव आम्हीं दिलें आणि अज्ञानीही आम्हींच ठरविलें.

अशा चुका पाठाच्या पाठ बदलतात. 'न तेन' या दोन शब्दांचें 'ना तन' होतें, 'भवने'चें 'भवान' होतें. आणि पोथींत शब्द तोडलेले नसल्यानें सांवरावयास जागा राहत नाहीं. छापील उताऱ्यांत ही मात्रा दाखविण्याची सोय खिळ्यांत नव्हती, त्यामुळें वाचणाऱ्यानें काय पाहिलें व काय ताडलें हें वाचकास कळतच नसे. संगणकाच्या 'युनिकोड' या सार्वत्रिक अक्षरसंकेतांत २००९ सालीं पृष्ठमात्रेस स्वतंत्र स्थान मिळालें. मुळाक्षरें गिरविण्याआधीं ज्याचा 'ओनामासीधं' आमच्या पूर्वजांनीं घोकला, त्या सिद्धम् चिन्हासही २०१५ त मिळालें. मोडी तर सबंध लिपीच २०१४ त दाखल झाली. आतां पोथींत जें आहे तेंच उताऱ्यांत उमटवितां येतें. सबब सांगण्याची सोय गेली.

मोडीविषयीं दोन शब्द. तिचा जीव ओघांत आहे; आधीं सबंध ओळीची शिरोरेघ ओढावयाची आणि मग लेखणी शक्य तों न उचलतां मजकूर लिहीत जावयाचा. सुट्या अक्षरांच्या टाईपांत हा ओघ पुरता सांपडत नाहीं. सुलेखनकार अच्युत पालव यांनीं मोडीचा अभ्यास करून तिची गति नागरींत आणली व तीस 'मुक्तलिपि' म्हटलें. तें दफ्तरवाचकाच्या उपयोगाचें नव्हे, व तसा त्यांचा दावाही नाहीं. पण भिंतीवर तें अक्षर पाहून मोडी शिकण्यास आलेलीं दोन मुलें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. त्यांपैकीं एक आज रुमालांतले कागद आमच्यापेक्षां भरभर वाचते.

एक शंका मात्र उरते. टाईपांत प्रत्येक अक्षराचें एक रूप ठरवावें लागतें. पोथींत तसें नसतें; ओळ संपत आली कीं लेखक अक्षर आवळतो, शाई दाट झाली कीं रेघ फुगते, चुकलें तेथें हरताळ फांसतो. जैनी हें पोथीचें अक्षर आहे, पोथी नव्हे. तेव्हां कालनिर्णय अथवा लेखकाची ओळख मूळ पत्रावरूनच केली पाहिजे, आणि त्यासाठीं मूळ पत्र पाहावयास मिळालें पाहिजे. येथें दोष अक्षरकारांचा नसून आपला आहे. आमच्या ओळखीच्या एका संग्राहकानें पोथीचें छायाचित्र घेण्यास आलेल्या तरुण अक्षरकारास दारांतूनच परत पाठविलें, 'हे जाहिरातवाले' म्हणून. ज्या पोथीस वाळवी लागण्यापलीकडे भविष्य नव्हतें तिला हा तरुण वाचक मिळत होता. आमची सूचना अशी कीं, ज्यांच्या संग्रहीं तारीखवार पुष्पिका असलेल्या नागरी पोथ्या आहेत त्यांनीं निदान चार पत्रांचीं स्वच्छ छायाचित्रें, मोजपट्टी शेजारीं ठेवून, मागेल त्यास द्यावींत. आणि अक्षरकारांनीं कोणत्या पोथीवरून, कोणत्या सालच्या, आपण वळण घेतलें तें जैनीच्या कर्त्यांप्रमाणें स्पष्ट नमूद करावें. जैनी कोणासही विनामूल्य वापरतां येतो, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.

आमच्या वर सांगितलेल्या जुन्या लेखांत जेथें जेथें 'माठ' हें लेखकाचें नांव म्हणून आलें आहे, तेथें वाचकांनीं तें खोडून 'मठे' असें वाचावें, आणि त्यावर रचलेला घराण्याचा तर्क रद्द समजावा.