वातीनं बूड धरलं पाहिजे

कापसाचा पहिला वेचा घरात येतो आणि त्याच्या मागोमाग दिवाळी येते. आपल्या चांदूर रेल्वे तालुक्यात बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी हे असंच चालतं. ओसरीत कापूस भरलेला, अंगणात सोयाबीनचं कुटार आणि उंबऱ्यावर जळती पणती. कापूस आणि जाळ इतके जवळ आले की घरातल्या मोठ्या माणसाचा जीव धाकात असतो. अलीकडे तेलाच्या पणतीच्या जोडीला मेण भरलेली पणती आली आहे. महिला बचत गट दिवाळीच्या महिनाभर आधीपासून या पणत्या करतात. दिसायला छान, तेल सांडायची कटकट नाही, विक्रीही बरी होते. पण घरी केलेल्या पुष्कळ पणत्यांत एक खोट राहून जाते. वात बुडाला घट्ट बसलेली नसते.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती २०२३ च्या दिवाळीआधी. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घ्यायला एका गावी गेलो होतो. काम आटोपून निघताना बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी थांबवलं.

"साहेब, जराशेक घरी येता काय? आमच्या पणत्या दुकानदारानं वापस पाठवल्या. काय चुकलं तेच समजून नाही रायलं."

ओसरीत पणत्यांनी भरलेली दोन टोपली होती. एक पेटवून पाहिली. काही वेळानं वरचं मेण पातळ झालं, वात हलली, कलती झाली आणि तरंगत तरंगत काठाला जाऊन टेकली. ज्योत मातीचा काठ चाटू लागली. पुढं वात मेणात बुडाली आणि विझली. खाली निम्मं मेण तसंच शिल्लक. दुसरी पेटवली, तिच्या काठाला तडा गेला आणि पातळ मेण खाली फरशीवर आलं.

"मेणाचे पैसे तं गेलेच साहेब," बाई म्हणाल्या. "पण हे कोणाच्या घरी कापसाजवळ झालं असतं तं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी शेतीखात्याचा माणूस, मेणबत्तीचा नव्हे. पण झाड कोमेजलं की आपण आधी मूळ पाहतो. इथंही बूडच पाहायला पाहिजे होतं.

वात सुटते कशी?

उभ्या मेणबत्तीत वातीला खालचं घट्ट मेणच धरून ठेवतं. ज्योतीखाली थोडंसं मेण पातळ होतं, ते वातीतून वर चढतं आणि जळतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, त्यांचं पुस्तक १८६१ साली निघालं. मेणबत्ती स्वतःच्या माथ्यावर स्वतःचीच वाटी तयार करते, हे त्यानं मुलांना दाखवून दिलं.

पणतीत किंवा काचेच्या पेल्यात मात्र वाटी आपण आधीच दिलेली असते. भांडं गरम होतं तसं मेण आतून पातळ होत जातं. शेवटी शेवटी तर सगळंच पातळ होतं. मग वातीला धरणारं काही उरत नाही. बुडाशी बसवली नसेल तर ती तरंगते, काठाला लागते, आणि एकाच जागी ताव बसून माती किंवा काच तडकते.

चुका तीन

गटातल्या बायांना विचारलं, करता कसं? त्यांनी करून दाखवलं तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली, नव्या पणत्या त्यांनी पाण्यात भिजवून घेतल्या होत्या. तेलाच्या पणतीला ही जुनी रीत बरोबर आहे, भिजलेली माती तेल कमी पिते. पण मेणाला ती उलटी पडते. ओल्या मातीला मेण चिकटत नाही, आणि गरम मेण ओतलं की ओल वाफ होऊन बुडबुडे येतात.

दुसरी, वात मेणाच्या थेंबानं चिकटवली होती आणि थेंब गार व्हायच्या आतच वरून गरम मेण ओतलं होतं. म्हणजे चिकटवलेलं आपल्याच हातानं सोडवलं.

तिसरी, वातीखाली चकती नव्हती. नुसत्या सुताच्या टोकाला धरायला जागा ती किती?

बसवायची रीत

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात प्लॉट टाकतो तसं केलं. काही पणत्या जुन्या रीतीनं, काही नव्या रीतीनं, आणि सगळ्या एकाच ओळीत पेटवल्या. नव्या रीतीच्या पणत्यांतली वात शेवटपर्यंत जागची हलली नाही. ती रीत अशी:

१. पणती भिजवू नका. पुसून, कडक उन्हात पूर्ण वाळवून घ्या. काचेचा पेला असेल तर तेलकट हात लागू देऊ नका, कोरड्या फडक्यानं आतून पुसा.

२. वात आधी पातळ मेणात बुडवून काढा आणि सरळ ताणून वाळू द्या. अशी वात ताठ उभी राहते आणि लवकर पेट घेते.

३. वातीच्या खालच्या टोकाला पत्र्याची गोल चकती बसवा. मधे उंच नळी असलेली तयार चकती मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. नळीतून वात ओवून पक्कडीनं नळी दाबा. या नळीचा आणखी एक उपयोग आहे. मेण संपत आलं की ज्योत नळीच्या तोंडाशी येऊन विझते, बुडाला टेकत नाही. म्हणून नळी नसलेली सपाट चकती वापरायची असेल तर तळाशी थोडं मेण असतानाच पणती विझवावी.

४. चकती बरोबर मधोमध चिकटवा. ग्लू गनचा गोंद यासाठी बरा. तो मेणापेक्षा जास्त उष्णतेला पातळ होतो, म्हणून वरून मेण ओतलं तरी सुटत नाही. गोंद चकतीखालीच लावा, वातीला लागू देऊ नका. वातीत गोंद शिरला तर मेण वर चढत नाही आणि ज्योत मरते. ग्लू गन नसेल तर मेणाचा थेंब चालतो, पण पुढची पायरी मग चुकवू नका.

५. आधी बुडाशी चकती झाकेल एवढाच मेणाचा पातळ थर द्या आणि तो पूर्ण गार होऊन घट्ट होऊ द्या. रोप लावल्यावर आपण मुळाशी माती दाबतो, तसंच हे. घाई इथंच नडते.

६. वातीचं वरचं टोक पणतीवर आडव्या ठेवलेल्या काडीला गुंडाळा. तुराटीची बारीक काडी चिरून तिच्या फटीत वात धरली तरी चालते. वात ताठ आणि मधोमध राहिली पाहिजे.

७. आता उरलेलं मेण ओता. मेण धूर निघेस्तोवर तापवू नका, पूर्ण पातळ झालं की पुरे. गार होताना मेण आकसतं आणि वातीजवळ खड्डा पडतो. तो दुसऱ्यांदा थोडं मेण घालून भरा.

८. शेवटी वात पाव इंच ठेवून कापा. लांब वात धूर करते आणि ज्योत मोठी होऊन भांडं तापवते.

प्रत्येक घाणीतली एक पणती शेवटपर्यंत जाळून पाहा. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरत नाही, मग पणती न तपासता का विकावी?

वात आपल्या कापसाची

कापूस आपला, आणि वात मात्र बाहेरून विकत आणायची, हे बायांनाच खटकलं. सुती धाग्याचे तीन पेड घेऊन वेणी घातली तर वात घरी होते. वेणीला महत्त्व आहे. जुन्या काळी युरोपात पिळाची वात असे, तिची काजळी सारखी कातरावी लागे. फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास कांबासेरेस यानं वेणीची वात काढली. ती जळताना टोकाशी वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जातं आणि काजळी साचत नाही. वेणी कोमट पाण्यात थोडं मीठ आणि टाकणखार घालून रात्रभर भिजवावी, पूर्ण वाळवावी आणि मग मेणात बुडवावी. पणतीच्या तोंडाप्रमाणे वातीची जाडी ठरते. रुंद तोंडाला बारीक वात दिली तर मधेच विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच राहतं. अरुंद पणतीला जाड वात दिली तर ती भडकते.

जिवाची काळजी आधी

मेण थेट चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नका. मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवावं. मेणानं पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नका, जाळ उसळून अंगावर येतो. भांड्यावर झाकण टाका, गॅस बंद करा, कोरडी वाळू जवळ ठेवा. लेकरं दूर ठेवा. आणि पेटती पणती कापसाच्या खोलीत, कुटाराजवळ किंवा पडद्याखाली ठेवू नका. खाली पितळी ताटली किंवा फरशी असू द्या.

बाजाराचा विचार

मेणाच्या मेणबत्त्या हा धंदा सरकारनं लहान उद्योगांसाठी राखून ठेवला होता. एप्रिल २०१५ मध्ये ते राखीवपण उठलं. म्हणजे मोठा कारखानदारही आता याच बाजारात आहे, आणि आपल्या बायांना माल चांगला देऊनच टिकावं लागेल. खादी व ग्रामोद्योगाच्या यादीत मेणबत्ती आणि कापूर एकाच ओळीत येतात. आपल्याच तालुक्यातल्या सावंगा विठोबाला गुढीपाडव्याच्या यात्रेत भाविक किती कापूर जाळतात हे आपण पाहतोच. म्हणजे ज्योतीचं गिऱ्हाईक आपल्या दाराशी आहे. महाबळेश्वरला भावेश भाटिया या दृष्टिहीन तरुणानं १९९४ साली सनराइज कँडल्स सुरू केली आणि पुढं अनेक दृष्टिहीनांना त्यातून काम मिळालं. हाताची शिस्त असेल तर हा धंदा उभा राहतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसंघाच्या बायांना एक सांगणं. नुसतं "पणत्या करा" म्हणू नका. गटाला ग्लू गन, चकत्या आणि तराजू मिळतो का ते पाहा, आणि दसऱ्याआधी एक दिवस हे प्रात्यक्षिक गावात घ्या.

त्या गटानं परत आलेल्या पणत्या वितळवून पुन्हा भरल्या. मेण वाया गेलं नाही, मेहनत मात्र दुप्पट झाली. दुकानदारानं एक पणती समोर शेवटपर्यंत जाळून पाहिली आणि मगच माल घेतला. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "आता पयले बूड पायतो साहेब, मंग रंग."